सुर्जीतून अंजनगावात घर हलविताना : खर्चाचा आगाऊ हिशेब

व्यापारी घरात वर्षातून एकदा तरी मालाची मोजदाद होते. दुकानातील प्रत्येक थान, प्रत्येक पोते, प्रत्येक डबा वहीवर चढतो. खरेदी, विक्री आणि घट-तूट यांचा मेळ बसेपर्यंत मुनीमजी गादीवरून उठत नाहीत. त्याच घराच्या माळ्यावर काय आहे, बळदात काय आहे, कोठीच्या खोलीत किती हांडे आणि किती घंगाळी आहेत, हे मात्र घरातील कोणालाच नेमके सांगता येत नाही. एरवी ही उणीव जाणवत नाही. घर हलविण्याची वेळ आली की तीच सर्वांत महाग पडते.

अंजनगाव सुर्जी हे मुळात दोन वस्त्यांचे गाव. शहानूर नदीच्या काठांवर वसलेल्या या दोन वस्त्यांची नावे एकत्र येऊन तालुक्याचे नाव झाले. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील तह याच ठिकाणी झाला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांतही हे जोडनाव आढळते. आज येथील अनेक कुटुंबे जुन्या पेठेतील माती-लाकडाचा वाडा सोडून गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये राहावयास जातात. कोठे भावाभावांची वाटणी झालेली असते, कोठे वाड्याची भिंत खचलेली असते, कोठे मुलाच्या लग्नासाठी खोल्या कमी पडतात. अंतर एखाद-दोन किलोमीटरचे. त्यामुळे “गावातल्या गावात तर जायचे आहे, त्यात खर्च तो काय?” असे म्हणून अंदाजपत्रक करण्याचे राहून जाते आणि महिनाअखेरीस घरखर्चाच्या वहीत एक मोठा, न समजणारा आकडा उभा राहतो.

खर्च अंतराचा की श्रमाचा?

अंजनगावाहून पुण्याला सामान पाठविताना भाड्याचा मोठा भाग किलोमीटरवर ठरतो. गावातल्या गावात घर हलविताना किलोमीटर जवळजवळ नगण्य असतात. तेथे पैसा जातो तो वस्तू उचलणाऱ्या हातांवर, बांधणीच्या साहित्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर आणि गाडी उभी राहिलेल्या तासांवर. सहाशे पुठ्ठ्याची खोकी शंभर किलोमीटर नेणे एक वेळ सोपे. साठ खोकी अरुंद बोळातून हातोहात बाहेर काढणे अवघड. जुन्या पेठेतील बहुतेक गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही. गाडी चौकात उभी राहते आणि दारापासून चौकापर्यंत प्रत्येक नग माणसाच्या खांद्यावरून जातो. कंपन्यांच्या दरपत्रकात या पायी अंतराचे पैसे अनेकदा वेगळे लावलेले असतात, आणि दर विचारताना नेमके हेच सांगावयाचे राहून जाते.

दुसरी गोष्ट लहान गावाची. सामान हलवून देणाऱ्या व्यावसायिक कंपन्या, म्हणजे पॅकर्स अँड मूव्हर्स, बहुधा अमरावती किंवा अकोल्यासारख्या शहरांत असतात. त्यांची गाडी आणि माणसे तेथून निघतात आणि काम आटोपून तेथेच परततात. सामान दीड किलोमीटर हलले तरी गाडीचे भाडे त्या साऱ्या प्रवासाचे असते. कंपनीने ते वेगळे दाखविले नाही तर ते दुसऱ्या कोणत्या तरी ओळीत दडलेले असते. म्हणून दर मागताना गाडी कोठून येणार, परतीच्या रिकाम्या फेरीचे भाडे धरले आहे काय, आणि ठरलेल्या तासांपुढे गाडी थांबली तर तासाला किती, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

आधी यादी, मग दर

दुकानाचा माल न मोजता कोणी त्याची किंमत सांगत नाही. घराच्या सामानालाही तोच नियम लावावा. एक वही घेऊन खोलीवार यादी करावी : स्वयंपाकघर, कोठी, देवघर, ओसरी, माळा, गच्ची. प्रत्येक वस्तूपुढे चार खुणांपैकी एक करावी. न्यावयाची, द्यावयाची, विकावयाची, स्वतःच्या हातात न्यावयाची. शेवटच्या रकान्यात दागिने, रोकड, दस्तऐवज, बँकेची कागदपत्रे आणि औषधे येतात. या वस्तू कधीही गाडीत चढवू नयेत. ज्यांच्या घरी चैत्यालय किंवा घरदेरासर आहे, त्यांच्या प्रतिमा आणि शास्त्रग्रंथ घरच्या माणसांनीच विधिपूर्वक नेण्याची रीत आहे. तेव्हा त्यांचे नग कंपनीच्या यादीत धरू नयेत आणि त्यासाठी लागणारा वेळ वेगळा राखून ठेवावा. भरलेला गॅस सिलिंडरही सामानाबरोबर नेऊ नये. नवे घर त्याच वितरकाच्या हद्दीत असेल तर पत्ता बदलून घेणे पुरते.

या यादीचा खरा लाभ दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात आहे. वऱ्हाडातील जुन्या घरात लग्नकार्यासाठी जमविलेली पितळी भांडी, पाहुण्यांच्या गाद्या, पाणी तापविण्याचा बंब, रिकाम्या कणग्या, मोडक्या खुर्च्या असा संसार पिढ्यान्‌पिढ्या साचलेला असतो. गावातल्या गावात जाताना “नेऊन तर ठेवू, पुढे पाहू” असे म्हणणे फार सोपे जाते. पण प्रत्येक वस्तू एकदा बांधावी लागते, एकदा उचलावी लागते, एकदा चढवावी लागते, उतरवावी लागते आणि शेवटी सोडवून ठेवावी लागते. पाच वेळा हात लागणाऱ्या निरुपयोगी वस्तूवर खर्च करण्यापेक्षा ती गरजूला देणे हिशेबानेही शहाणपणाचे. श्रावकाच्या परिग्रह-परिमाणात जमीन, घर, सोने-चांदी, धन-धान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ म्हणजे भांडी-वस्त्रादी घरसामानही मोजावयास सांगितले आहे. एरवी पुढे ढकलली जाणारी ती मोजणी घर हलविताना आपोआप घडते.

जुन्या चोपड्यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. वस्तू व सेवा कर कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक काळ. त्याआधीचे कागद रद्दीत देण्यापूर्वी मालमत्तेचे दस्त, वाटणीपत्रे आणि कर्जफेडीच्या पावत्या त्यांत अडकलेल्या नाहीत ना, हे पाहावे.

यादी झाली की गाडीचा आकार ठरविता येतो. २००५ साली रस्त्यावर आलेली टाटा एस, जिला सगळीकडे छोटा हत्ती म्हणतात, ती सुमारे पाऊण टन माल नेणारी गाडी. गल्लीत शिरण्यास ती सोयीची, पण तिला फेऱ्या जास्त लागतात. ४०७ जातीची गाडी दोन टनांहून अधिक माल नेते, पण ती चौकातच थांबते. गल्लीची रुंदी, विजेच्या लोंबत्या तारा आणि नव्या घरासमोरचा रस्ता पाहूनच निवड करावी. पाहणीसाठी कंपनीचा माणूस प्रत्यक्ष घरी यावा. फोनवर खोल्यांची संख्या ऐकून सांगितलेला दर हा अंदाजही नसतो, तो केवळ आमिष ठरू शकतो.

दोन मार्गांची नमुना-तुलना

सहा माणसांचे कुटुंब, तळमजल्यावरील चार खोल्या आणि माळा, एक लोखंडी तिजोरी, आणि नवे घर लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, असे उदाहरण घेऊ या. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्येक कुटुंबाने त्या जागी आपल्याला मिळालेले दर घालावेत.

पहिला मार्ग व्यावसायिक कंपनीचा. बांधणीचे साहित्य ४,००० रुपये. सहा कामगार प्रत्येकी ८०० प्रमाणे ४,८०० रुपये. रिकाम्या फेरीसह गाडी ७,००० रुपये. पलंग-कपाटे खोलणे व पुन्हा जोडणे १,५०० रुपये. दुसऱ्या मजल्याचे चढण २,००० रुपये. तिजोरीचे १,२०० रुपये. एकूण २०,५०० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३,६९० रुपये धरला की कंपनीचे बिल २४,१९० रुपये होते. हे अंतिम नव्हे. वाहतुकीचा विमा १,५०० रुपये, पंखे, गीझर, पाण्याचे यंत्र काढून बसविणाऱ्या विजतंत्री व नळकारागिराचे ३,००० रुपये आणि दिवसभराचे चहा-जेवण १,००० रुपये मिळविले की २९,६९० रुपये. अनपेक्षित गोष्टींसाठी दहा टक्के राखून ठेवले तर तरतूद सुमारे ३२,६६० रुपयांची हवी.

दुसरा मार्ग स्थानिक पिकअप आणि हमालांचा. पिकअपच्या चार फेऱ्या प्रत्येकी ८०० प्रमाणे ३,२०० रुपये. सहा हमाल दोन दिवस, रोज ७०० प्रमाणे ८,४०० रुपये. खोकी, गोणपाट, सुतळी १,५०० रुपये. विजतंत्री व नळकारागीर ३,००० रुपये. दोन दिवसांचे चहा-जेवण २,००० रुपये. एकूण १८,१०० रुपये. दहा टक्के राखीव धरून १९,९१० रुपये.

दोहोंत फरक सुमारे पावणेतेरा हजारांचा. या फरकाने घराला तीन गोष्टी मिळतात : एक दिवसाची बचत, बांधणीचे कसब आणि नुकसान झाल्यास कागदावर जबाबदार असलेला पक्ष. घरात बांधणी करणारे चार हात असतील, काचसामान थोडे असेल, दुकान एक दिवस अधिक बंद ठेवता येत असेल, तर दुसरा मार्ग उत्तम. पानमळ्यांच्या या गावाला नाजूक माल कसा हाताळावा हे बाहेरच्याने शिकवावे लागत नाही. वृद्ध माणसे, तान्हे मूल, महागडी उपकरणे किंवा दोन दिवस बंद ठेवता न येणारे दुकान असेल, तर पहिल्या मार्गाचा जादा खर्च खर्च राहत नाही, ती सोय विकत घेतलेली असते. मिश्र मार्गही आहे. कपडे, पुस्तके, धान्य घरच्यांनी आधीच्या आठवड्यात नेऊन ठेवावे आणि जड व नाजूक सामानापुरतीच कंपनी बोलवावी.

बिल्टीवरील एक ओळ

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब. मालवाहतूकदाराची जबाबदारी आज रस्ता वाहतूक कायदा, २००७ याने ठरते. जुना १८६५ चा कायदा जाऊन हा आला आणि २०११ पासून लागू झाला. त्याखालील नियमांप्रमाणे, मालाचे नुकसान झाल्यास वाहतूकदाराचे दायित्व साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, आणि तेही माल पाठविताना लिहून दिलेल्या किमतीहून अधिक होत नाही.

वरील उदाहरणात पावतीवर मालवाहतुकीचे भाडे ७,००० रुपये इतकेच लिहिले असेल, तर ही मर्यादा ७०,००० रुपये. गाडीतील सामानाची किंमत ३ लाख असेल आणि गाडी उलटली, तर २ लाख ३० हजार रुपयांची तूट कुटुंबाच्या पदरी. सामानाची किंमत कागदावर अवघी २०,००० लिहिली असेल, तर भरपाईही तेथेच थांबते. व्यापारी माणसाला बिल्टी नवी नाही. पण दुकानाच्या मालाची बिल्टी बारकाईने वाचणारा गृहस्थ घरच्या सामानाच्या कागदावर न वाचता सही करतो. किंमत खरी लिहावी. अधिक जोखमीचा जादा दर देऊन जास्त किमतीचे दायित्व वाहतूकदाराकडे सोपविण्याची सोय कायद्यात आहे. नाहीतर स्वतंत्र विमा घ्यावा. विमा घेताना केवळ अपघात, आग व चोरी यांचे संरक्षण आहे की हाताळणीतील मोडतोडही धरली आहे, हे विचारावे. गावातल्या गावात गाडी उलटण्याचा धोका थोडा. आरसा, टीव्ही किंवा शीतकपाट जिन्यात आपटण्याचा धोका मोठा.

नुकसान आढळल्यास लेखी नोटीस नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. ती न देता दावा लावता येत नाही. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. अंजनगावच्या कुटुंबासाठी तो आयोग अमरावतीचा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. पण हे सारे मार्ग कागद असेल तरच चालतात. ज्या गावाचे नाव एका लेखी तहामुळे इतिहासात गेले, तेथे तरी “आपल्याच ओळखीचा आहे” या शब्दावर घरभर सामान सोपवू नये.

दरपत्रकात म्हणून पुढील गोष्टी लेखी असाव्यात : वस्तूंची यादी, गाडीचा प्रकार, कामगारांची संख्या, मजला आणि पायी अंतर, खोलणे-जोडणे, कर धरून एकूण रक्कम, आणि यादीबाहेरची वस्तू निघाल्यास तिचा दर. वस्तू व सेवा कराचा क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पडताळता येतो. आगाऊ रक्कम थोडी द्यावी आणि बाकीची सामान उतरून मोजून झाल्यावर. तीन दरपत्रकांपैकी एक फारच कमी असेल तर आनंद मानण्याआधी त्यातून काय वगळले आहे ते शोधावे. कारण चढविलेली गाडी उतरवून देण्यासाठी वाढीव रक्कम मागितली गेली, तर घासाघीस करण्याचे बळ ग्राहकाकडे उरलेले नसते.

दुकान आणि घर एकाच गाडीत

व्यापारी कुटुंबात आणखी एक मोह असतो. गाडी आलीच आहे तर दुकानाचा थोडा मालही चढवावा. वापरलेल्या घरगुती व वैयक्तिक सामानाला ई-वे बिल लागत नाही. दुकानाच्या मालाला ती सूट नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात करपात्र मालाची किंमत १ लाख रुपयांहून अधिक असेल तर, विक्री नसून केवळ जागाबदल असला तरी, ई-वे बिल आणि डिलिव्हरी चलन लागते. दोन्ही मिसळले तर संपूर्ण गाडी अडू शकते. फेऱ्या वेगळ्या, कागद वेगळे, हेच योग्य.

घर हलविण्याचे बिल पेढीच्या नावाने घेऊन कराची वजावट मिळविण्याचा विचारही मनात आणू नये. वैयक्तिक उपभोगाच्या सेवेवर अशी वजावट कायद्याने मिळत नाही. व्यवसायाची नोंदणीकृत जागाच बदलत असेल, तर त्या बदलाचा अर्ज १५ दिवसांच्या आत करावा लागतो. घराच्या पत्त्यावर पेढी असणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

हंगाम आणि हमाल

दिवस निवडण्यावरही खर्च अवलंबून असतो. शाळेच्या सुट्या आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त यांमुळे एप्रिल-मे महिन्यांत मागणी वाढते, आणि वऱ्हाडात त्याच दिवसांत ऊन ४५ अंशांपर्यंत चढते. विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. जूनच्या मध्यानंतर थांबावे तर पावसाची भीती. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की पिकअप आणि हमाल दोन्ही बाजार समिती व जिनिंगच्या कामात गुंततात. महिन्याचा मधला भाग, आठवडी बाजार नसलेला दिवस आणि पहाटेची वेळ निवडली तर दर आणि श्रम दोन्ही हलके होतात. चातुर्मासात ओल्या कोठारांत व अडगळीत जीवजंतू अधिक असतात, म्हणून अनेक घरे कार्तिकी पौर्णिमेनंतरचाच काळ पसंत करतात. तसे असेल तर हमालांशी बोलणे दिवाळीपूर्वीच करून ठेवावे.

काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचाही विवेक हवा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा केला, तो अंगमेहनत करणाऱ्याच्या श्रमाला नियमित मोल आणि संरक्षण मिळावे म्हणून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली. सहाऐवजी चार हमाल बोलावून दोन दिवसांचे २,८०० रुपये वाचतील, पण तिजोरी तेवढीच जड राहील आणि तिचा भार उरलेल्यांच्या पाठीवर वाढेल. जिन्यात पाय घसरला तर वाचलेली रक्कम दवाखान्यात एका दिवसातच जाते, आणि दुखावलेली पाठ कोणत्याही वहीत भरून निघत नाही. पुस्तकांची खोकी लहान ठेवावीत, वीस-पंचवीस किलोंहून जड करू नयेत. पिण्याचे पाणी, दुपारची विश्रांती आणि जेवण हे अंदाजपत्रकाचे रकानेच समजावेत. पैसे वाचवायचे असतील तर ते यादीतून वस्तू कमी करून वाचवावेत.

नव्या घरी सामान पोहोचल्यावर कंपनीचा माणूस “माल सुस्थितीत मिळाला” अशा कागदावर सही मागतो. खोकी मोजून होईपर्यंत आणि नाजूक नग उघडून पाहीपर्यंत ती सही करू नये. घाई असेल तर “खोकी न उघडता नगांची संख्या तेवढी बरोबर” असे स्पष्ट लिहून मगच करावी. जुन्या घरी केलेली वही या वेळी हाती असावी. प्रत्येक नगापुढे दुसरी खूण पडली, शेवटचे खोके उघडले गेले, मजुरी चुकती झाली, की ती वही फेकून न देता दुकानाच्या चोपड्यांशेजारी ठेवावी. पुढल्या पिढीला आपल्या घरात काय आहे, हे त्यामुळे प्रथमच वाचून कळेल.